तेल बघायची वेळ

(मुलुंड पूर्वेला एका सोसायटीखालचं पार्किंग. बॉनेट उघडलेली जुनी पांढरी गाडी. सकाळ.)

दर्शना: नाही काका, तुम्ही कितीही गोड बोला, मला हे पटणार नाही. मागच्या महिन्यात हे पॅकिंग मी बदललंय. याच हाताने.

विद्याधर: तू बदललं नाहीस असं मी कुठे म्हणतोय? मी एवढंच म्हणतोय, खाली डाग आहे.

दर्शना: ह्याला डाग म्हणतात? अख्खी रांगोळी काढून ठेवलीये गाडीने.

विद्याधर: अनिरुद्ध पण साधारण असंच म्हणाला. जरा चढ्या आवाजात.

दर्शना: कोण अनिरुद्ध?

विद्याधर: आमचा सेक्रेटरी. परवा त्या जोशांची सून तेलावरून घसरली. लागलं नाही फारसं, पण लागलं असतं तर? त्याचंही बरोबर आहे. रविवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी आवारातून हलवा म्हणाला.

दर्शना: आज शुक्रवार. थांबेल की.

विद्याधर: मागच्या वेळी पण तू असंच म्हणालीस. "थांबेल की, काका."

दर्शना: मारा टोमणा, मारा. माझी चूक आहेच. इंजिनावरचं झाकण, ते टॅपेट कव्हर, ओलं दिसलं, पॅकिंग पापडासारखं कडक झालेलं, म्हटलं इथूनच गळतंय, अजून काय बघायचं? इंजिन धुऊन पुसून घ्यायचा कंटाळा केला. पप्पांना कळलं असतं तर गॅरेजभर फिरवली असती मला.

विद्याधर: रतनभाऊ कसे आहेत?

दर्शना: मजेत. गुडघे गेले म्हणून साकीनाक्याचं गॅरेज माझ्या गळ्यात टाकलं आणि स्वतः जालन्याला जाऊन बाजेवर बसलेत. रोज संध्याकाळी फोन. "तो टेम्पो गेला का? त्या निळ्या गाडीचा क्लच बसला का?" अरे, एकदा तरी विचारा ना, दर्शना, तू जेवलीस का? नाही. टेम्पो महत्त्वाचा.

विद्याधर: त्यांना तेच विचारायचं असेल. टेम्पोच्या नावाने.

दर्शना: मग सरळ विचारायला काय जातं? जाऊ दे. तो फडका द्या. आज मी हिला चकाचक पुसणार, तेलाचा एक ठिपका शिल्लक ठेवणार नाही. मग कळेल नवीन तेल कुठून येतंय. घरात कॅरमची पावडर आहे का?

विद्याधर: कॅरमला समोर कोणीतरी लागतं.

दर्शना: बरं, मग अंगाला लावायची? कुठलीही चालेल. पांढरी पाहिजे बस.

विद्याधर: गाडीला पावडर?

दर्शना: पप्पांची युक्ती आहे. पुसलेल्या इंजिनावर पावडर मारायची आणि गाडी चालू करायची. जिथून तेल निघेल तिथे पावडरीत काळी रेघ उमटते. मग इंजिन खोटं बोलूच शकत नाही.

विद्याधर: जयंतीचा डबा आहे. अर्धा भरलेला.

दर्शना: मॅडम ओरडणार नाहीत ना? त्यांची मला लहानपणापासून भीती वाटते. गाडी घेऊन साकीनाक्याला यायच्या आणि पप्पांशी असा वाद घालायच्या, की पप्पा नंतर दोन ग्लास पाणी प्यायचे.

विद्याधर: ती नाही ओरडणार. ती इथे नाही.

दर्शना: अजून आल्या नाहीत? मागच्या महिन्यात तर म्हणालात, येतीलच आता.

विद्याधर: येईल. मुलीकडे आहे, इरावतीकडे, मेलबर्नला. बाळंतपणाला गेली होती, दोन वर्षं झाली. थांब, वर जाऊन डबा आणतो.

दर्शना: लिफ्टने जा हो काका! जिना कशाला?

विद्याधर: लिफ्टमध्ये सगळे विचारतात, वहिनी कधी येणार.

दर्शना: आलात? द्या इकडे. बाप रे, मोगऱ्याचा वास! काय थाट आहे. बघा आता, गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसते की नाही?

विद्याधर: ती ऑफिसला निघायची तेव्हा हा वास जिन्यात तळमजल्यापर्यंत यायचा. मला वाटलं होतं, डब्यातून उडून गेला असेल.

दर्शना: नाही उडाला. छान आहे की. काका, आणखी मारू का? की ठेवायचाय डबा?

विद्याधर: मार. लागेल तेवढी मार. पण डबा टाकू नकोस.

दर्शना: बस, झालं. आता चालू करते.

विद्याधर: नको, मीच करतो. रोजची सवय आहे.

दर्शना: करा. अहो, तिकडून कुठे? ड्रायव्हरची सीट इकडे आहे!

विद्याधर: मी माझ्याच जागेवर बसतो. किल्लीपर्यंत हात पोहोचतो माझा.

दर्शना: म्हणजे रोज तुम्ही डावीकडे बसून, असे आडवे होऊन गाडी चालू करता?

विद्याधर: मला गाडी चालवता येत नाही, दर्शना. कधीच नाही आली. टेलिफोन खात्यात होतो, उभा जन्म खांब आणि तारांत गेला. गाडी घेतली तिने, शिकली ती. मी शेजारी. ती सीट बघ, पुढे ओढलेली आहे, तिची उंची कमी म्हणून. मी बसायचं तर मागे घ्यावी लागेल. आल्यावर पुन्हा ती पुढे-मागे करत बसणार, आणि बोलणी मला.

दर्शना: बरं बाबा, बसा तुमच्या जागेवर. मारा स्टार्टर. हां, पहिल्या झटक्यात! बॅटरी टकाटक आहे हो.

विद्याधर: रोज चालू करतो ना. दहा मिनिटं. पावसात, थंडीत, तापात सुद्धा.

दर्शना: आणि दहा मिनिटं आत बसून करता काय?

विद्याधर: बसतो. काच खाली घेतो. कोणी जाता-येता विचारतं, "काय काका, निघालात?" मी म्हणतो, "हो, निघालोच." दिवसातलं तेवढंच बोलणं होतं कधीकधी.

दर्शना: काका...

विद्याधर: तू इंजिन बघ.

दर्शना: बघतेय. वरचं कव्हर कोरडं ठणठणीत आहे बघा. माझं पॅकिंग निर्दोष सुटलं! म्हणजे बिचाऱ्याला उगाच... थांबा. थांबा थांबा. आली! काका, उतरा खाली, हे बघा.

विद्याधर: कुठे?

दर्शना: कव्हरच्या खाली, मागच्या अंगाला हा काळा डबा आहे ना, सगळ्या प्लगना स्पार्क वाटतो तो, डिस्ट्रिब्युटर. तो इंजिनात घुसतो तिथे रबराची रिंग असते. तिथून निघाली बघा रेघ. थेट खाली. आणि गाडी पळायची तेव्हा वाऱ्याने तेच तेल मागे-वर उडालं असणार, म्हणून मला कव्हर ओलं दिसलं.

विद्याधर: पळत नाही गं ती. कोण पळवणार?

दर्शना: हां, ते पण खरं. मग मॅडम होत्या तेव्हाचं जुनं असेल. म्हणजे त्या होत्या तेव्हापासून थोडं थोडं झिरपत होतं. करा बंद. थोडी निवू दे, रिंग आहे माझ्याकडे, काढते आणि घालते.

विद्याधर: म्हणजे थांबेल?

दर्शना: थांबेल की, काका. हसू नका! या वेळी खरंच. पण एक सांगा, तुम्हाला चालवता येत नाही, मॅडम तिकडे. मग सोसायटीशी भांडून, मला बोलावून, ही ठेवायची कशाला? देऊन टाका कोणाला तरी.

विद्याधर: जयंती पण तेच म्हणते. तिचा भाचा आहे नाशिकला, अनय, तो न्यायला तयार आहे. मी सांगतो, गाडी ठणठणीत आहे, राहू दे. गळतीचं तिला बोललेलोच नाही.

दर्शना: का पण?

विद्याधर: रोज फोन येतो तिचा. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. बाळ काय म्हणतंय, बरं आहे. झालं. मग दोघंही गप्प. इतकी वर्षं एका घरात काढली, तेव्हा गप्प बसलेलं कळायचं सुद्धा नाही. फोनवर कळतं. मग ती विचारते, "गाडी चालू केलीत का?" आणि मग आम्ही बोलतो. आवाज कसा येतो, हवा किती आहे, खोपोलीला बंद पडली होती तेव्हा कशी ढकलली. ती हसते. गाडी गेली तर आम्ही बोलायचं काय, सांग मला?

दर्शना: तो बारा नंबरचा पाना द्या जरा. त्याच्या शेजारचा. हां.

विद्याधर: तू जेवलीस का सकाळी?

दर्शना: चहा प्यायलेय. बघा, निघाली रिंग. रबर राहिलंच नाही, प्लास्टिकच्या बांगडीसारखी झालीये. ही बघा नवीन, कशी मऊ. बसली. आता एकदा तेल बघते आणि... काका. हे काय आहे?

विद्याधर: काय?

दर्शना: ही तेल बघायची पट्टी. या दोन खुणा. तेल यांच्या मध्ये पाहिजे. आणि तेल आहे कुठे? इथे! वरच्या खुणेच्या पार वर! इंजिनात तेल आहे की इंजिन तेलात आहे?

विद्याधर: शक्य नाही. कालच मी बघितलं, कमी होतं. म्हणून घातलं थोडं.

दर्शना: घातलं? रोज घालता?

विद्याधर: कमी दिसलं की घालतो. बहुतेक रोज थोडं कमी असतंच.

दर्शना: बघता कधी तुम्ही तेल?

विद्याधर: चालू केल्यावर. दहा मिनिटं झाली की उतरतो, बॉनेट उघडतो, पट्टी काढतो.

दर्शना: इंजिन चालू असताना?

विद्याधर: हो.

दर्शना: वाट लागली! काका, चालू इंजिनात तेल खाली कसं असेल? ते वर चढून सगळीकडे फिरत असतं. पट्टीला कमीच दिसणार. बघायचं ते गार असताना, रात्रभर निथळून खाली बसलेलं असतं तेव्हा. तुम्ही दोन वर्षं हिला पोट भरलेलं असताना भरवताय! जास्तीच्या तेलाने आतला दाब वाढला, आणि जिथे रबर म्हातारं झालं होतं तिथून त्याने वाट काढली. गळत होती म्हणून वाचली ही. नाहीतर कधीच बसली असती.

विद्याधर: म्हणजे मीच.

दर्शना: तसं नाही हो. पण हे असं बघायला शिकवलं कोणी?

विद्याधर: जयंतीने. विमानतळाला निघाली तेव्हा, टॅक्सीत बसता बसता. "गाडी रोज चालू करा, दहा मिनिटं चालू द्या, तेल बघा, कमी दिसलं तर घाला." मी त्याच क्रमाने करतोय. एक दिवस चुकवला नाही.

दर्शना: काका, फोन. तुमचा वाजतोय, खिशात.

विद्याधर: तिचाच असणार. या वेळेला नातू झोपतो तिकडे. माझे हात तेलकट झालेत. तूच काढ आणि ते स्पीकरचं बटण दाब. आणि हे बघ, गळतीचं बोलू नकोस.

जयंती: हॅलो? अहो, कुठे आहात? घुमतोय आवाज.

विद्याधर: खाली. गाडीपाशी. दर्शना आलीये, रतनभाऊंची.

जयंती: साकीनाक्याची दर्शना? अगं, टायरवर बसून पाढे म्हणायचीस ना तू? काय झालं गाडीला?

दर्शना: काही नाही मॅडम, आपलं साधं सर्व्हिसिंग.

विद्याधर: जयंती, तेल गार असताना बघायचं असतं का गं?

जयंती: हो मग. चालू करायच्या आधी. का?

विद्याधर: तू उलटं सांगितलं होतंस. आधी चालू करा, मग तेल बघा.

जयंती: मी? कधी?

विद्याधर: निघताना. टॅक्सीत बसता बसता.

जयंती: अहो, तेव्हा मी पर्समध्ये पासपोर्ट शोधत होते! तोंडाला येईल ते बोलत होते. आणि तुम्ही अजून तसंच...

विद्याधर: त्याच क्रमाने.

जयंती: अहो, ते मी तीन महिन्यांसाठी सांगितलं होतं.

दर्शना: मॅडम, काही बिघडलेलं नाही हां. थोडी गळत होती, आता बंद. जास्तीचं तेल काढून टाकते. गाडी एकदम झकास. अजून पाच-सात वर्षं हिला मरण नाही.

जयंती: हो का? बरं झालं.

विद्याधर: असं का म्हणतेस?

जयंती: कसं?

विद्याधर: बरं झालं, पण बरं वाटलं नाही, असं.

जयंती: ...दर्शना आहे ना तिथे?

विद्याधर: असू दे. घरचीच आहे. बोल.

जयंती: खरं सांगू? मला वाटायचं, जुनी गाडी आहे, एक दिवस आपोआप बंद पडेल. तुम्ही सांगाल, "जयंती, गाडी गेली." मी म्हणेन, "जाऊ द्या, आता तुम्ही इकडे या." मला वेगळं काही बोलावंच लागणार नाही. रोज फोन लावताना वाटायचं, आज सांगतील. आणि तुम्ही रोज सांगायचात, पहिल्या झटक्यात चालू झाली.

विद्याधर: वेगळं काय बोलायचं होतं?

जयंती: इराला माझ्याशिवाय जमत नाही, हे तर आहेच. पण तिचं नाव पुढे करून किती दिवस सांगू? मलाच इथे बरं वाटतं, अहो. मी इथे गाडी चालवायला लागले. लायसन्स मिळालं मागे. तुम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही.

विद्याधर: कोणती गाडी?

जयंती: इराची आहे. छोटी. गिअर टाकावे लागत नाहीत.

विद्याधर: तेल बघतेस?

जयंती: बघावं लागत नाही हो. काही कमी झालं तर तीच सांगते.

विद्याधर: असं. चांगलं आहे.

जयंती: दिवाळीला येणार आहे मी. महिनाभर.

विद्याधर: महिनाभर.

जयंती: नाहीतर तुम्ही या ना. राहायलाच या.

विद्याधर: आलो होतो की मागे, इरा नवीन तिकडे गेली तेव्हा. सकाळी रस्त्यावर उतरलं तर माणूस दिसत नाही तिथे.

जयंती: आणि मुलुंडला कोण दिसतं तुम्हाला?

विद्याधर: दर्शना, तो फडका दे गं जरा.

जयंती: अहो? ऐकताय ना? अनयला सांगू का मग, गाडी घेऊन जा म्हणून?

विद्याधर: नको. गळत नाही ती आता. राहू दे इथेच.

जयंती: बरं. राहू दे. उठला वाटतं हा, रडतोय. उद्या करते फोन. जेवा वेळेवर.

विद्याधर: जेवतो. तू पण.

दर्शना: काका, सॉरी. मला ते स्पीकरचं बटण बंद करायला पाहिजे होतं. मूर्खासारखी पाना धरून ऐकत उभी राहिले.

विद्याधर: बरं झालं तू होतीस. एकट्याने ऐकलं असतं तर मी तिला काहीतरी लागेल असं बोललो असतो. मग उद्या फोन आला नसता.

दर्शना: येईल हो. म्हणाल्या ना, उद्या करते.

विद्याधर: येईल. पण विचारणार काय ती आता? गाडी चालू केलीत का, हे तर नाही विचारणार.

दर्शना: ...खालचा नट ढिला केलाय. जास्तीचं निघतंय बघा. किती घातलं होतंत हो तुम्ही! हां, आता आलं खुणांच्या मध्ये. बरोबर. फरशी तेवढी घासून घेऊ, म्हणजे तुमच्या अनिरुद्धला रविवारी कोरडी मिळेल. पण त्यासाठी गाडी थोडी मागे घ्यावी लागेल. मीच घेते. त्या सीटवर मात्र मी मावणार नाही, काका. ढकलू आपण. ढकलूनच होईल.

विद्याधर: ढकलायची कशाला? बस तू.

दर्शना: सीट?

विद्याधर: घे मागे.

दर्शना: नंतर पुन्हा पुढे करून ठेवते. बरोबर तिथेच.

विद्याधर: नको. राहू दे तशीच.

दर्शना: झाली बघा फरशी. दुकानातल्यासारखी. घासून घासून खांदे गेले.

विद्याधर: वर चल. भात लावतो दोघांपुरता. कालची आमटी आहे.

दर्शना: आज नको काका, खरंच. साकीनाक्याला एकाचं इंजिन उघडं टाकून आलेय, तो बोंब मारत असेल. पुढच्या वेळी नक्की.

विद्याधर: पुढच्या वेळी कशाला येशील? गळती तर बंद झाली.

दर्शना: असं काय बोलता! आता नीट ऐका, या वेळी क्रम चुकायला नको. सकाळी गाडी गार असताना, चालू करायच्या आधी. पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की काही करायचं नाही. घालायचं नाही.

विद्याधर: काही करायचं नाही.

दर्शना: आणि रोज बघायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे. रविवारी ठेवा. मी फोन करून विचारीन, तेल किती आहे काका?

विद्याधर: विचारशील?

दर्शना: विचारीन म्हणजे काय! पप्पांवर गेलेय मी. चला, येते.

विद्याधर: सावकाश जा. दर्शना...

दर्शना: हां?

विद्याधर: आणि बाकीचे दिवस?